त्रिमानात ‘२’ नसलेल्या संख्या: सूत्र, पत्रक आणि हातचा

प्रश्न चाळीसगावहून आला आहे. अकरावीच्या मुलांना गणित मंडळात त्रिमान पद्धत, म्हणजे ०, १, २ एवढ्याच अंकांत संख्या लिहिण्याची पद्धत, दाखवताना सरांनी ‘ज्यांच्या लिखाणात २ येत नाही’ अशा संख्या काढायला लावल्या. मुलांची यादी अशी निघाली: ०, १, ३, ४, ९, १०, १२, १३, २७, २८, ३०, ३१. पुढचं काम एक्सेलवर टाकलं, तर ९८४१ नंतर पत्रक त्रुटी दाखवून थांबतं. दुसऱ्या गटाने ‘अंकांची बेरीज सम’ अशी अट घेतली आणि त्यांच्या यादीत नुसत्या सम संख्या आल्या. सरांनी विचारलंय की सूत्र कोणतं, पत्रक का अडतं, सम संख्यांचा घोळ कुणाचा, आणि मुलांना पुढे काय द्यावं.

आधी पत्रकाचं बघू. ९८४१ वरच थांबतं म्हटल्यावर तुम्ही काय केलंय ते कळतं: क्रमांक द्विमानात, म्हणजे ० आणि १ एवढ्याच अंकांत, लिहिला आणि तेच अंक त्रिमानात वाचले. युक्ती बरोबर आहे. अडतंय ते ‘डेक-टू-बिन’ फंक्शन. ते दहा अंकी द्विमान लिखाणापुरतंच बनवलेलं आहे, त्यातला एक अंक चिन्हासाठी जातो, त्यामुळे ५११ च्या पुढची संख्या ते घेत नाही. ५११ म्हणजे द्विमानात नऊ एक्के. तेच नऊ एक्के त्रिमानात वाचले की ९८४१. पुढे ५१२ टाकलं की ‘नम’ त्रुटी. त्याऐवजी ‘बेस’ फंक्शनला क्रमांक आणि २ द्या, निघालेलं लिखाण ‘डेसिमल’ फंक्शनला ३ सोबत द्या. ही दोन्ही फंक्शनं एक्सेल २०१३ पासून आहेत. ५१२ ला १९६८३, म्हणजे ३ चा नववा घात, आला की दुरुस्ती जमली.

यानंतरचा खड्डा जास्त वाईट आहे, कारण तिथे त्रुटी दिसत नाही. ‘बेस’चं उत्तर ही संख्या नसते, मजकूर असतो. कुणी तरी त्याला १ ने गुणून संख्या करतं आणि पंधरा अंकांपर्यंत सगळं ठीक चालतं. १,४३,४८,९०७ (३ चा पंधरावा घात) पासून त्रिमान लिखाण सोळा अंकी होतं. एक्सेल पंधराच अंक राखतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. मग १,४३,४८,९०७ आणि १,४३,४८,९०८ यांचं लिखाण एकसारखंच दिसायला लागतं. म्हणून लिखाण मजकूरच राहू द्या, आणि त्यात ‘२’ आहे का हे मजकुरातच शोधा.

पायथन वापरणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. अंक किती, हे लघुगणकाने काढू नका. २४३ हा ३ चा पाचवा घात आहे, पण २४३ चा पाया ३ चा लघुगणक तिथे ४.९९९९९९९९९९९९९९९ असा येतो. पूर्णांक घेतला की ४, आणि एक अंक गेला. ३ ने भागत राहा आणि भागाकार किती वेळा केले ते मोजा.

हाताने करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे बाक्या वरून खाली वाचणं. ६४ ला ३ ने भागत गेलात तर बाक्या १, ०, १, २ अशा येतात. त्या खालून वर वाचायच्या: २१०१. ताळा ५४ + ९ + १ = ६४. उलट वाचलं तर १०१२, म्हणजे ३२. चाचणीला १०० किंवा २३ घेऊ नका. त्यांची लिखाणं १०२०१ आणि २१२, दोन्हींकडून सारखीच वाचली जातात, आणि चूक लपून राहते.

आता सूत्राकडे. अंकांवर अट असलेली कुठलीही क्रमिका हातात आली की मी पहिल्यांदा एवढंच बघतो: न ला अट लागते की नाही हे ठाऊक असेल, तर ३न, ३न+१ आणि ३न+२ यांचं लगेच सांगता येतं का? ३न म्हणजे न च्या लिखाणाशेवटी ० चिकटवणं, ३न+१ म्हणजे १ चिकटवणं, ३न+२ म्हणजे २. ‘२ नको’ ही अट सरळ पुढे जाते: न चालत असेल तर ३न आणि ३न+१ चालतात, ३न+२ कधीच चालत नाही. म्हणजे प्रत्येक पदाला दोनच मुलं. १ पासून ३ आणि ४. त्यांच्यापासून ९, १०, १२, १३. त्यांच्यापासून २७, २८, ३०, ३१, ३६, ३७, ३९, ४०. पिढ्या आपोआप चढत्या क्रमाने लागतात, वेगळी मांडणी करावी लागत नाही. सुरुवात मात्र ० पासून करू नका. ० चा पहिला मुलगा पुन्हा ० च, आणि यादीत दुबार नोंदी होतात. ० हाताने सुरुवातीला लिहा आणि वंशावळ १ पासून चालवा.

दोनच मुलं, म्हणून द्विमानाची युक्ती लागू पडते. क्रमांकाचे द्विमान अंक म्हणजे कोणत्या वळणावर कोणता मुलगा घेतला याची नोंद. क्रमांक ११ द्विमानात १०११. त्रिमानात वाचलं तर २७ + ३ + १ = ३१. तुमच्या मुलांच्या यादीत ० ला शून्यावा मानलं तर अकरावं पद ३१ च आहे. क्रमिकांचा ऑनलाइन विश्वकोश नील स्लोन यांच्या १९६४ पासूनच्या संग्रहातून वाढला. त्यात ही यादी पहिलं पद ० असं धरून दिली आहे, म्हणून तिथले क्रमांक तुमच्यापेक्षा एकाने पुढे दिसतील. एकाची ही तफावत दिसली की मुलं सूत्रातच १ मिळवून टाकतात. तसं करू देऊ नका. सुरुवात कुठून धरली तेवढं वहीत लिहायला सांगा.

मोजणीही वंशावळीतूनच निघते. ३ च्या क-व्या घाताच्या खाली अशा संख्या २ च्या क-व्या घाताइतक्या. ६५६१ च्या खाली २५६, ५९०४९ च्या खाली १०२४. म्हणजे पहिल्या ठिकाणी शंभरात जेमतेम चार, दुसऱ्या ठिकाणी दोनही नाहीत. वीस अंकी लिखाणापर्यंत एकेक संख्या तपासत गेलात तर ३४८ कोटींहून जास्त तपासण्या, वंशावळीने साडेदहा लाखांच्या आत काम संपतं. अशा संख्यांच्या व्यस्तांची बेरीजही सांत आहे, आणि हे मुलांना फळ्यावर दाखवता येतं. क अंकी अशा संख्या २ च्या (क−१)-व्या घाताइतक्या, प्रत्येक किमान ३ च्या (क−१)-व्या घाताएवढी. म्हणून बेरीज १ + २/३ + ४/९ + ... च्या पुढे जात नाही, म्हणजे ३ च्या आत राहते.

‘१ नको’ ही क्रमिका वेगळी काढायची गरज नाही. आधीच्या प्रत्येक पदाची दुप्पट केली की झालं: ०, २, ६, ८, १८, २०, २४, २६. कँटरच्या १८८३ च्या संचामागे हीच कल्पना आहे, फक्त तिथे अंक दशांशचिन्हानंतरचे.

‘० नको’ मात्र फसवते. यादी १, २, ४, ५, ७, ८, १३, १४, १६, १७. वाटतं की क्रमांक द्विमानात लिहून ० च्या जागी १ आणि १ च्या जागी २ घातलं की झालं. करून बघा: क्रमांक १ ला उत्तर २ येतं, आणि सगळी यादी बिघडते. कारण द्विमान लिखाण नेहमी १ ने सुरू होतं, इथे पहिला अंक १ किंवा २ दोन्ही असू शकतो. इलाज असा: क्रमांकात १ मिळवा, द्विमानात लिहा, पहिला १ पुसा, मग अदलाबदल करा. क्रमांक १०: अकरा म्हणजे १०११. पहिला अंक पुसला, राहिले ०११. बदलून १२२. म्हणजे ९ + ६ + २ = १७. दहावं पद बरोबर.

लागून असलेल्या अंकांवरची अटही याच यंत्रात, म्हणजे शेवटी अंक चिकटवत जाणाऱ्या वंशावळीत, बसते, फक्त शेवटचा अंक लक्षात ठेवावा लागतो. ‘शेजारी दोन शून्यं नकोत’ घ्या: एक अंकी २, दोन अंकी ६, तीन अंकी १६, आणि पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे मागच्या दोघांच्या बेरजेची दुप्पट. दोन्हींकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्या मात्र या यंत्राला सापडत नाहीत. त्यांचा अर्धा भाग लिहून उलटा चिकटवावा लागतो.

आता २ नसलेल्या यादीचा सर्वांत देखणा गुण. तिच्यात तीन पदांची अंकगणिती श्रेढी कुठेच सापडत नाही. क्ष, य, झ या तीन संख्या यादीतल्या, आणि य मधली, असं समजा. मग क्ष + झ = २य. य चे अंक ०, १, म्हणून २य चे अंक नुसते ० आणि २. क्ष आणि झ ची बेरीज करताना एकाही घरात हातचा येत नाही, कारण १ + १ = २ च्या पुढे काही जातच नाही. बेरजेत ० हवा तिथे दोघांचे ०, २ हवा तिथे दोघांचे १. म्हणजे दोघे घरोघर सारखेच निघाले. क्ष आणि झ एकच, श्रेढी कुठली!

उलट बाजू आणखी गंमतीची. ज्या संख्येत २ आहे ती प्रत्येक संख्या यादीतल्या दोघांबरोबर श्रेढी बनवते, आणि ते दोघे लिहूनच काढता येतात. २३ घ्या, लिखाण २१२. प्रत्येक २ च्या जागी ० घातला: ०१०, म्हणजे ३. प्रत्येक २ च्या जागी १ घातला: १११, म्हणजे १३. झालं: ३, १३, २३, अंतर दहा-दहा. १०० चं लिखाण १०२०१. त्यातून १०००१ आणि १०१०१, म्हणजे ८२ आणि ९१. श्रेढी ८२, ९१, १००. त्यामुळे ० आणि १ पासून निघून दर वेळी ‘श्रेढी न होणारी सर्वांत लहान पुढची संख्या’ घेत गेलात तरी हीच यादी मिळते, आणि तिथे पाया ३ चं नावही घ्यावं लागत नाही. मुलांचे दोन गट करा. एका गटाला त्रिमानाची अट द्या, दुसऱ्याला श्रेढीची, आणि याद्या शेवटी फळ्यावर शेजारी लावा.

ही सर्वांत दाट श्रेढीमुक्त यादी असेल असा समज मात्र करून घेऊ नका. या प्रश्नावर एर्डिश आणि तुरान यांनी १९३६ मध्ये लिहिलं. १९४२ मध्ये सेलम आणि स्पेन्सर यांनी, आणि १९४६ मध्ये बेहरेंड यांनी याहून खूप दाट संच दाखवले. घाई करून जागा भरत गेलं की शेवटी जास्तीत जास्त जागा भरतेच असं नाही, हे इथे साफ दिसतं.

आता सम संख्यांचा घोळ. घोळ नाहीच. ३ विषम, ९ विषम, २७ विषम, म्हणजे प्रत्येक घराची किंमत विषम. त्यामुळे संख्या आणि तिची त्रिमानातली अंकबेरीज दोन्ही एकदमच सम किंवा एकदमच विषम असतात. ‘अंकबेरीज सम’ ही अट द्विमानात रंगते, त्रिमानात ती ‘सम संख्या’चं दुसरं नाव आहे. पण यातून एक भेट मिळते. २ नसलेल्या यादीत सम पदाला ०, विषम पदाला १ लिहा: ०, १, १, ०, १, ०, ०, १. ही थ्यू आणि मोर्स यांच्या नावाची प्रसिद्ध क्रमिका आहे, कारण पदातले एक्के म्हणजे क्रमांकाच्या द्विमान लिखाणातलेच एक्के.

त्या गटाला ‘अंकबेरजेला ३ ने भाग जातो’ ही अट द्या. ० ते २६ मधून निघतात ०, ५, ७, ११, १३, १५, १९, २१, २६. ताळा सोपा आहे: ०-१-२, ३-४-५, ६-७-८ अशा प्रत्येक तिकडीत एकच संख्या यायला हवी. कुठे दोन आल्या किंवा एकही नाही, तर तिथे चूक. आता उरलेल्या संख्यांचेही दोन गट करा, बेरीज भागल्यावर बाकी १ आणि बाकी २. तिन्ही गटांची बेरीज ११७ आणि वर्गांची बेरीज २०६७ येते. प्रुए यांनी १८५१ मध्ये सांगितलेला हा नियम खान्देशात शिकवायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. रावेरच्या बागेत केळीचे २७ घड आहेत, वजनं १० किलोपासून ३६ किलोपर्यंत, प्रत्येकाचं वेगळं, आणि वाटणी तीन भावांत करायची आहे. घडाच्या वजनातून १० वजा करा, राहिलेली संख्या त्रिमानात लिहा, अंकबेरजेला ३ ने भागून बाकीप्रमाणे वाटा. प्रत्येकाला नऊ घड आणि २०७ किलो. एकही फणी तोडावी लागत नाही. वजनांना सगळीकडे सारखा आकडा मिळवला तरी समानता मोडत नाही, म्हणून १० च्या जागी १५ पासून सुरू केलं तरी चालेल. मधलं एखादं वजन गळलं तर मात्र नाही.

चाळीसगावचे आहात म्हणून हेही सांगतो. तुमच्याच तालुक्यात पाटणादेवीजवळ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाबद्दलचा. त्या आजोबांच्या लीलावतीत (११५०) अंकपाशाच्या, म्हणजे अंकांच्या मांडण्या मोजण्याच्या, प्रकरणात प्रश्न आहे: पाच घरं, अंकांची बेरीज तेरा, शून्य नाही, तर संख्या किती? उत्तर ४९५, म्हणजे बारांतून चार निवडायचे प्रकार. सोबत त्यांनी अट घातली आहे की बेरीज ‘घरं अधिक नऊ’पेक्षा कमी हवी. ती का, हे दशमानात मुलांना पटकन दिसत नाही. त्रिमानात लगेच दिसतं. इथे अट ‘घरं अधिक दोन’पेक्षा कमी अशी होते. ती मोडून पाच घरं आणि बेरीज सात घ्या. सूत्राने सहांतून चार, म्हणजे १५. खरं उत्तर १०, कारण पाचपैकी दोन घरांत २ आणि बाकी घरांत १. जास्तीचे पाच कोण? ज्यांच्या एका घरात ३ बसलाय ते. पाच घरं, पाच प्रकार. त्रिमानात ३ नावाचा अंकच नाही, आणि सूत्राला ते माहीत नाही.

वरच्या श्रेढीच्या सिद्धतेत ‘हातचा येत नाही’ असं म्हटलं. या विषयात पुढे जिथे जाल तिथे हातचाच भेटतो. कुम्मर यांनी १८५२ मध्ये दाखवलं की द्विपद सहगुणकात ३ चा घात किती, हे त्रिमानातल्या बेरजेत किती हातचे येतात त्यावरून मोजायचं. २न वस्तूंतून न निवडायच्या प्रकारांत बेरीज न + न ची. न मध्ये २ असेल तर २ + २ ला हातचा येणारच. नसेल तर कधीच नाही. म्हणजे ३ ने भाग न जाणारे मधले सहगुणक नेमके आपल्याच यादीच्या क्रमांकांवर: न = ३ ला २०, न = ४ ला ७०, दोघांना ३ ने भाग जात नाही. न = २ ला ६ आणि न = ५ ला २५२, दोघांना जातो. पास्कलच्या त्रिकोणाची अख्खी ओळही अशीच मोजता येते. ओळीच्या क्रमांकातल्या प्रत्येक १ साठी २ ने आणि प्रत्येक २ साठी ३ ने गुणा, ३ ने भाग न जाणाऱ्या संख्या तेवढ्या. पाचवी ओळ, लिखाण १२, उत्तर ६: १, ५, १०, १०, ५, १, सहाच्या सहा. चौथी ओळ, लिखाण ११, उत्तर ४. मधल्या ६ ला भाग जातो, बाकी चार राहिले. ओळी शून्यापासून मोजायच्या, हे विसरलं की सगळी उत्तरं एका ओळीने सरकतात.

क्रमगुणितालाही हेच. १०० च्या क्रमगुणितात ३ किती वेळा? १०० ची त्रिमान अंकबेरीज ४. १०० − ४ = ९६, निम्मे ४८. पडताळा: ३३ + ११ + ३ + १ = ४८. अंकबेरजेची आणि संख्येची सम-विषमता एकच असते हे वर पाहिलं, म्हणून ‘निम्मे’ नेहमी पूर्णांकच येतात.

तागडीचा खेळ मंडळात घ्यायचा असेल तर १, ३, ९, २७ किलोच्या चार मापांनी १ ते ४० किलोपर्यंतचं कुठलंही पूर्ण वजन होतं, माल ठेवलेल्या पारड्यातही माप टाकायची मुभा असेल तर. मांडणी शोधायला डोकं खाजवू नका: वजनात ४० मिळवा, त्रिमानात लिहा, प्रत्येक अंकातून १ वजा करा. २५ किलो: ६५, लिखाण २१०२, वजा करून १, ०, −१, १. म्हणजे २७ आणि १ समोरच्या पारड्यात, ३ मालाबरोबर. २५ + ३ = २८. ४० मिळवल्यावर संख्या ४१ ते ८० मधली येते, म्हणून लिखाण नेहमी चार अंकीच असतं, पुढे शून्य लावावं लागत नाही. १, ० आणि −१ या अंकांवर मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये सेतून नावाचा संगणकही बांधला गेला. जळगावच्या दाणाबाजारात असा मापांचा संच का नाही, असं एखादा मुलगा विचारेल. मालाच्या पारड्यात माप टाकलेलं कुठल्या गिऱ्हाइकाला चालेल? १, २, ५ च्या घडणीत माल नेहमी एकाच बाजूला राहतो, मापं थोडी जास्त लागली तरी.

शेवटी, यंत्र कुठे बंद पडतं ते. ‘२ चे घात, ज्यांच्या त्रिमान लिखाणात २ नाही’ ही क्रमिका घ्या. १ आहे, ४ आहे (११), २५६ आहे (१००१११). याशिवाय एकही नसावा असा एर्डिश यांचा १९७९ चा अंदाज आहे, आणि तो अजून सिद्ध झालेला नाही. अट अंकांची, पण पद बनतं दुपटीने, आणि दुपटीत हातचे डावीकडे धावतात. न चे अंक बघून २न चा मधला अंक सांगता येत नाही, शेजारचे सगळे बघावे लागतात. म्हणून ‘मुलं दोनच’ असं काही इथे मिळत नाही.

तरीही मोठे घात तपासता येतात, आणि पूर्ण संख्या लिहावीही लागत नाही. उजवीकडून चाळायचं. शेवटचा अंक १ हवा, तर घातांक सम हवा, निम्मे घातांक तिथेच गेले. उरले ४ चे घात. त्यांचे शेवटचे दोन अंक ०१, ११, २१ असे फिरतात, म्हणून तिसऱ्यातला एक गेला. पुढच्या प्रत्येक घराला उरलेल्या प्रत्येक वर्गाचे तीन तुकडे होतात, एकाच्या त्या घरात ०, एकाच्या १, एकाच्या २. दोन ठेवायचे, एक टाकायचा. क घरं चाळल्यावर २ × (३ चा (क−१)-वा घात) वर्गांपैकी २ च्या (क−१)-व्या घाताइतकेच वर्ग उरतात. याच चाळणीच्या जातीच्या पद्धतीने २०२२ मध्ये सये यांनी सुमारे ५.९ × १०²¹ घातांकापर्यंत तपासलं, चौथा सापडला नाही. वर्गात एक्सेलवर दहा घरं चाळली तरी ५१२ वर्ग हाताशी राहतात, एका तासिकेचं काम.

हुशार मुलांसाठी जोडप्रश्न: २न मधून न निवडायच्या प्रकारांना ३, ५, ७ तिघांनीही भाग जात नाही असे न शोधा. आता तीन पायांत एकदम अट: पाया ३ मध्ये अंक १ पर्यंत, पाया ५ मध्ये २ पर्यंत, पाया ७ मध्ये ३ पर्यंत. न = १० चालतो: १०१, २०, १३. पुढचा थेट ७५६: १००१०००, ११०११, २१३०. दोनच विषम मूळ संख्या घेतल्या तर असे न अनंत आहेत, हे १९७५ मध्ये एर्डिश, ग्रॅहम, रुझा आणि स्ट्राउस यांनी सिद्ध केलं. तिघांसाठी अनंत आहेत का यावर ग्रॅहम यांनी हजार डॉलर लावले होते. शोधताना पाया ३ ची वंशावळ चालवा आणि निघेल ते पद पाया ५ व ७ मध्ये तपासा. ७५६ पर्यंत पोचायला ७३ पदं पुरतात.